खुराड्याची फळी

भादवा आला की आमच्या अंगणाला एक वास येतो. वाळत चाललेल्या चिखलाचा, शेणाचा आणि ओल्या पिसांचा. पाऊस थोडा मागे सरतो. ऊन पडतं ते अंगाला चावतं. बाजरी कणसात आलेली असते, कपाशीला पिवळी फुलं लागलेली असतात, आणि बांधावरच्या गवतात टोळ इतके होतात की पाऊल टाकलं की पायाभोवती तडतड उडतात. पिल्लं खुराड्यातून बाहेर सोडायचे हेच दिवस. बाहेर खायला इतकं असतं की दाणा टाकावा लागत नाही.

आज सकाळी खुराड्यापुढं झाडताना हात फळीवर थांबला. आतून चिवचिव येत होती. या वर्षीची पिल्लं दीड महिन्याची झालीत, पंखांना पिसं भरलीत. आज-उद्या सोडायला हवीत. मी झाडू तिथेच ठेवला आणि घरात येऊन पोरीच्या जुन्या वहीतली मागची कोरी पानं काढली. ती दुसरीत आहे. वहीत पुढं तिचे पाढे आहेत, मागं हे माझं.

आमचं खुराडं भिंतीला टेकून मातीच्या विटांचं केलेलं आहे. वर एक सपाट दगड. पुढं लाकडाची फळी, ती खाचेतून वर सरकते. फळीला बाहेरून खुंटी. खुंटी काढली की फळी निघते. एवढंच. लहान पोरालाही जमतं.

नऊ वर्षांपूर्वी मला ते तीन आठवडे जमलं नव्हतं.

त्या साली आषाढ सरता सरता मला पोर झाली होती. पहिलीच. घरीच आले तिला घेऊन, म्हसावदच्या दवाखान्यातून जीपमध्ये, पोटाशी दोन लुगडी गुंडाळून. सासूनं, म्हणजे आत्यानं, दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं. खोलीला खिडकी नाही. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, वारं लागतं. आत्याला तिच्या सासूनं असंच ठेवलं होतं. माझ्या आईनं मलाही असंच ठेवलं असणार.

चौथ्या दिवशी आशाताई आल्या. कंदिलासारखा मोबाइल धरून त्यांनी पोरीच्या डोळ्यांत पाहिलं, पायाच्या तळव्यावर बोट दाबलं. पोर पिवळी दिसतेय म्हणाल्या, उद्याच दवाखान्यात न्या, थांबू नका. आत्या म्हणाली, "सगळीच पिवळी व्हतस पोरं पहिला पंधरा दिन. सव्वा महिना व्हऊ द्या." आशाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला लोकांसमोर बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं.

त्या दिवसांत झड लागली होती, घराबाहेर कुणी पडत नव्हतं, असं लिहायला मला बरं वाटलं असतं. पण सहाव्या दिवशी पाऊस उघडला होता. खोलीच्या दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली आणि पोरीच्या पांघरुणावर पडली. मी बघत बसले. दुपारी तीनची जीप वाजत गेली. आत्या शेतात होती. दाराची कडी आतून होती.

नवव्या दिवशी पोर गेली. बारसं झालं नव्हतं, म्हणून नाव लिहिता येत नाही.

लोक विचारतात तेव्हा दुःख किती झालं असं विचारतात. मला ते आठवतच नाही. ओव्याचा वास आठवतो. भिंतीवर एक पोपडा होता, त्याचा आकार आठवतो, तो बैलाच्या तोंडासारखा होता. नवरा सुरतेहून आला, तीन दिवस राहिला, परत गेला. त्याच्या पॅन्टला कापड रंगवायच्या कारखान्यातला निळा डाग होता, तो आठवतो. तो काय बोलला ते नाही. मी त्याच खोलीत बसून राहिले. कुणी ताट ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर नाही. केस विंचरायचे नाही. आता दारानं बाहेर जायला कुणाची मनाई नव्हती, तरी मी जात नव्हते.

शेजारच्या सुमनबाई दारातून डोकावून गेल्या. पडवीत त्या आत्याला म्हणाल्या ते भिंतीतून मला ऐकू आलं.

"खुडूक व्हई गयी शे तुन्ही सून."

"गप ऱ्हाय वं."

"खरं सांगस. आठे अंडं नही न पिल्लू नही, तरी बठेल शे. नाकमा पीस घाल, ऊठी जाई."

दोघी हसल्या नाहीत. सुमनबाईचं बोलणं नेहमी असंच, चिमटा काढून. पण मी नाकाला हात लावून पाहिला.

ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत त्यांना हे कळायचं नाही म्हणून लिहिते. कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि जागा धरून बसते, तिला खुडूक म्हणतात. खाली अंडी असली तर ठीक, एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात. नसली तरी बसते. दगडावर बसते, रिकाम्या टोपल्यात बसते. खात नाही, अंग गरम होतं, हात लावला तर फुगून गुरगुरते. मग तिचं खूळ घालवायला थंड पाण्यात बुडवतात, किंवा तिच्याच पंखाचं पीस काढून नाकाच्या दोन भोकांतून आरपार घालतात. ते पीस तिला हुळहुळत राहतं. ती डोकं झटकत, नाक घासत फिरते, आणि फिरता फिरता बसायचं विसरते. चार दिवसांत पुन्हा अंडी द्यायला लागते.

आमची तांबडी कोंबडी त्या वेळी खरीच खुडूक होती. सोमवारी आत्यानं तिला पायांनी धरलं आणि नाकात पीस घातलं. मी खोलीच्या दारातून बघितलं. तांबडी अंगणभर डोकं झटकत पळत होती. दोन दिवस मी तेवढंच बघत होते.

गुरुवारी आत्याचा भाऊ नवापूरहून आला. त्याच्या हातात भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं होतं. आत आठ-दहा दिवसांची वीस पिल्लं. तिकडे पोल्ट्रीवर तो कामाला होता. बहिणीची सून घरात अशी बसून राहिलीय हे त्याला फोनवर कळलं असणार, पण तो त्याबद्दल काही बोलला नाही. खोकं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "याहले माय नही. मशीननी काढेल शेतस. तूच दखजो."

आत्या कपाळावर हात मारून ओरडली, "आरे, चार दिन आधी सांगता तं! तांबडीना नाकमा कालच पीस घालं मी!" काल नाही, सोमवारी. पण ती चूक होती ती होतीच. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली संध्याकाळी पिल्लं सरकवली की ती आपलीच समजते. पीस घातलेली कोंबडी समजत नाही. आम्ही तरी करून पाहिलं. तांबडीनं पहिल्याच पिल्लाच्या डोक्यात चोच मारली.

खोक्यातली पिल्लं चिवचिवायला लागली तशी माझी चोळी ओली झाली. दूध अजून आटलं नव्हतं. मला काही वाटलं नव्हतं. अंगाला वाटलं असेल.

पिल्लं माझ्या खोलीतच राहिली, शेगडीच्या जागी. वर एक बल्ब टांगला. लाइट गेली की मी लुगड्याचा पदर पसरून त्यांच्यावर धरायचे. तांदळाची कणी, पाणी, खाली राख. आत्या फक्त दारात येऊन बघायची. पंधरा दिवसांनी पिल्लं उडून उंबऱ्यापर्यंत जायला लागली तेव्हा आम्ही त्यांना खुराड्यात हलवलं. तांबडी आणि बाकीच्या दोन कोंबड्या झाडावर झोपू लागल्या.

त्याआधी आत्यानं एक काम केलं. होळीचा उरलेला गुलाबी रंग बादलीत कालवला आणि एकेक पिल्लू बुडवून काढलं. तिचे हात कोपरापर्यंत गुलाबी झाले. सुमनबाई कुडावरून बघत होत्या.

"मावशी, वरात काढनी शे का?"

"घारले गुलाबी रंग कळस नही. तिले वाटस फूल शे."

"फूल दोन पायवर पळस का मावशी?"

"तुन्हा नवरा पळस, तोच फूल शे का मंग?"

सुमनबाई मोठ्यानं हसल्या. त्या दिवशी मी हसले की नाही आठवत नाही. तोंडाचा आकार बदलला असेल.

पिल्लं वाढत गेली आणि खुराडं पुरेना. सकाळी फळीच्या फटीतून चोची बाहेर यायच्या. मी फटीतूनच कणी टाकायचे, फटीतूनच पाण्याची वाटी सरकवायचे. आत्या म्हणाली, आता सोड. मी नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तिसऱ्या दिवशी म्हणाली. मग मी खुंटीला सुतळी गुंडाळली, दोन गाठी मारल्या.

बाहेर काय काय होतं ते मला सगळं दिसत होतं. सातपुडा त्या दिवसांत धुऊन काढल्यासारखा जवळ येतो, आणि तिकडून घारी येतात, आभाळात गोल गोल फिरत राहतात. कपाशीत मुंगूस होतं. रस्त्यावर जीप होती. सुमनबाईंचं मांजर होतं. आणि या पिल्लांना तर आईनं शिकवलेलं नव्हतं. आई असली की ती आभाळात सावली दिसली की एक आवाज काढते, घशातला, लांब. पिल्लं जागच्या जागी गवतात बसतात. मशीन असा आवाज काढत नाही.

आत मात्र ती एकमेकांना टोचायला लागली होती. जागा कमी पडली की टोचतात. आधी शेपटीजवळ एकाचं पीस गेलं, मग तिथं लाल दिसलं, आणि लाल दिसलं की सगळी तिथंच टोचतात. एका सकाळी मी फटीतून पाहिलं तर ते पिल्लू कोपऱ्यात पडलं होतं आणि दोघं त्याच्या पाठीवर उभी होती. मी सुतळीच्या गाठी सोडल्या नाहीत. काठी फटीतून घालून त्यांना हाकललं.

आत्यानं ते पाहिलं.

"आते उघाड. नही तं मझारच एकमेकले खाई टाकतीन."

"तुम्ही उघाडा ना, आत्या."

"मी नही उघाडसू."

"काब्र?"

ती अंगणात उभी राहिली, हात कमरेवर, माझ्याकडे न बघता. मग म्हणाली, "मन्हा हातले यश नही." आणि विळा घेऊन शेताकडे चालू लागली. मला तेव्हा वाटलं, जबाबदारी टाकतेय. ती नेहमी सगळं स्वतःच्या हातानं करणारी बाई. मीठही मला टाकू द्यायची नाही.

दुपारी ते कोपऱ्यातलं पिल्लू मेलं. फळीच्या फटीतून त्याला बाहेर काढता येईना. काढायचं तर फळी उघडावीच लागणार होती. मी खूप वेळ तिथं बसून होते. ऊन डोक्यावरून भिंतीवर गेलं. पिल्लं त्याच्या अंगावरून चालत होती.

पहिल्यांदा सोडायची पद्धत अशी की सकाळी सोडायचं नाही. सकाळी सोडली तर दिवसभर लांब लांब जातात आणि संध्याकाळी वाट सापडत नाही. सूर्य कलला की, तासाभराचा उजेड उरला असताना, दुपारचा दाणा न देता सोडायचं. थोडं भटकतात, अंधारतं, भूक लागते, आणि आलेल्या वाटेनं परत येतात. आत्या शेतातून बरोबर त्या वेळेला आली. पाय धुतले. माझ्यापासून थोडी लांब बसली.

मी गाठी सोडल्या. बोटांना जमत नव्हतं, दातांनी सोडल्या. खुंटी काढली. फळी वर सरकवली.

कुणी बाहेर आलं नाही.

एकोणीस पिल्लं फळीच्या आत रांगेत उभी राहिली, माना लांब करून. जिथवर अंधार होता तिथवर आली आणि थांबली. उजेडाची रेघ त्यांच्या पायांपुढं होती. रंग उतरून गेला होता, पंखांच्या टोकांना तेवढा गुलाबी उरला होता.

"बलाव त्याहले," आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"त्याहले माय नही शे. बलावाबिगर कसा येतीन? तोंड शे ना तुले?"

किती दिवसांत मी मोठ्यानं बोलले नव्हते. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग आवाज आला, "ती ती ती ती." फाटका होता. मला तो माझा वाटला नाही. मी अंगणात बसल्या बसल्या मागे मागे सरकत गेले आणि बोलवत गेले. मातीवर बोटांनी टकटक केलं, कोंबडी चोचीनं करते तसं. एक आलं. मग दोन. मग सगळी एकदम, एकमेकांवर पडत. गवताशी गेली. एकानं टोळ धरला आणि तो घेऊन पळालं, बाकीची त्याच्या मागे.

मी ते मेलेलं पिल्लू बाहेर काढून कुडापाशी पुरलं. परत येईपर्यंत घार आली होती.

तिचा आवाज नसतो. सावली आली, गेली, एवढंच. गवत हललं. पिल्लं सगळी पळाली, पण बसली नाहीत, कुठं बसायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मी वर पाहिलं तेव्हा घार बाभळीच्या वर होती आणि तिच्या पायात थोडं गुलाबी होतं.

मी उभीच राहिले. रडायला यायला हवं होतं, आलं नाही. बाकीची पिल्लं पाच मिनिटांत पुन्हा टोळ धरू लागली. मी पुढं होऊन त्यांना आत हाकलायला लागले, तर आत्यानं माझा हात धरला. तिनं मला कधी हात लावलेला मला आठवत नाही, बाळंतपणातलं अंग चोळणं सोडून.

"ऱ्हाऊ दे. फिरू दे," ती म्हणाली. "घार लई गयी. तू नही लई गयी."

मी हाकलायची थांबले.

ती हात धरूनच होती. गवताकडे बघत, हळू, जणू पिल्लांनाच सांगतेय असं म्हणाली, "तवय बी दार मी लायेल व्हतं. तू नही."

एवढंच म्हणाली. मग हात सोडला, आत गेली, चूल पेटवली. धूर कौलांतून वर यायला लागला. अंधारायला लागलं तशी पिल्लं एकेक करून फळीपाशी आली, आपली आपली, कुणी न बोलवता. अठरा. मी फळी लावली. दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर पुन्हा उघडली.

दाराची कडी आतून होती, हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. मी काढू शकले असते, हे सांगायला हवं होतं. म्हणजे ते ओझं तिचं एकटीचं राहिलं नसतं. पण मला शब्द आले नाहीत, आणि मग ते राहिलं. लोक राग धरून बोलणं टाकतात. आम्ही तशा नव्हतो. आम्ही बोलत होतो, मिरच्या सुकल्या का, म्हशीला पाजलं का, बस गेली का. ते सोडून सगळं.

दोन वर्षांनी आताची पोर झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं तेव्हा मी तिला घेऊन अंगणात आले आणि खाटेवर बसले. आत्या न्हाणीपाशी भांडी घासत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं ती आली आणि माझ्या डोक्यावर एक टॉवेल टाकून गेली, ऊन लागू नये म्हणून. नंतर तिनंच आशाताईंना फोन लावायला लावला, पोर दाखवायची आहे म्हणून.

मी अजूनही पुष्कळदा बधिर असते. सण येतो, जातो. कुणाच्या घरी बाळ झालं की मी जाते, टोपडं देते, येते. छातीत काही होत नाही. लोक म्हणतात विसरली, बरं झालं. विसरले नाही. त्या जागेवर बोट ठेवलं तर कळत नाही, एवढंच, जसं पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही. पाय असतो. त्यावर उभं राहता येतं, फक्त सावकाश.

आत्या आता थकली आहे. गुडघे गेलेत. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि ऐकायला कमी येतं, निदान नको ते तरी येत नाही. दिवसभर ओट्यावर बसते आणि आभाळात घार दिसली की काठी आपटते. घार नसतानाही आपटते. नऊ वर्षांत तिनं खुराड्याची फळी एकदाही उघडलेली नाही. अंगण झाडायची, दाणा टाकायची, पण अंडी काढायची झाली तर मला हाक मारायची. सुमनबाई चिडवतात, "मावशीले खुराडामझार साप दिसस." आत्या हसून सोडून देते.

हे इतकं लिहून मी मघाशी उठले. सूर्य कलला होता. पोर शाळेतून येऊन शेजारी खेळायला गेली होती. मी आत्याला ओट्यावरून हात देऊन उठवलं. कुठं नेतेस म्हणाली. मी खुराड्यापाशी आणलं.

"आत्या, आज तुम्ही उघाडा."

तिला ऐकू आलं नसेल वाटलं म्हणून मी वाकून कानाशी पुन्हा म्हटलं. ऐकू आलं होतं.

"मी?"

"हा. कडी मझारथीन व्हती, आत्या. मीबी उघाडी शकती."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, चांगल्या डोळ्यानं. मग काठी भिंतीला लावली, जमिनीला हात टेकवत टेकवत खाली बसली. खुंटी ओलीनं फुगली होती. तिची बोटं घसरत होती. मला काढून द्यावीशी वाटली, पण मी हात मागे बांधून उभी राहिले. तिसऱ्या की चौथ्या वेळेला खुंटी निघाली.

फळी तिनं वर धरली आणि धरूनच ठेवली. खाचेत अडकवायची असते ते विसरली, की सोडायची हिंमत झाली नाही, मला माहीत नाही. पिल्लं तिच्या मनगटाखालून बाहेर आली, एक तर मनगटावरच चढलं, तिथून उडी मारून गवतात गेलं. शेवटचं पिल्लू जाईपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.